किनाऱ्याला न लागणारी नाव

नाव पुन्हा किनाऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली. धारेनं तिला मागे ओढलं, पडद्यावर पाणी वर चढलं आणि खेळ संपला. बद्रीनाथ डावीकडच्या स्टुलावरून उठला, मच्छिंद्र उजवीकडच्या. दोघं सख्खे भाऊ. दुकानातून निघाल्यावर एक परतूरच्या बाजाराकडे वळला, दुसरा स्टेशनकडे. एकमेकांशी शब्द नाही. चार वर्षांत नव्हता.

१९९७ साल होतं. देवानंदच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात सहा मशिनी होत्या. पाचांवर गोळीबार आणि हाणामाऱ्या, तिथं पोरांची झुंबड. सहावी कोपऱ्यात धूळ खात पडलेली. तिच्यात एक नदी, एक नाव आणि दोन वल्ही. डावं वल्हं एकानं चालवायचं, उजवं दुसऱ्यानं. कुणी मरत नाही, कुणी मारत नाही. पोरांच्या लेखी तो खेळच नव्हता. दोन-चार जण बसून बघायचे, नाव गरगर फिरायला लागली की शिव्या घालून उठायचे. देवानंदचा मात्र त्या मशिनीवर जीव होता. तिला विकून टाक, असं सगळे सांगत. तो म्हणायचा, "खेळ चांगलाय. तुमच्यातच दम न्हाई, त्याला तो काय करंल?"

दम निघाला तो या दोन भावांत. वाटणीच्या वेळी दोघं असे हट्टाला पेटले होते की बैलजोडीही फोडली. एक बैल याच्या गोठ्यात, एक त्याच्या. पेरणी आली की दोघंही बैलासाठी गावभर दारं पुजायचे, पण भावाच्या दारात पाय ठेवायचे नाहीत. असल्या शहाणपणाला काय म्हणावं! एका बाजाराला बद्रीनाथ गंमत म्हणून त्या मशिनीवर बसला. एकट्याच्या हातानं नाव नुसती गरगर फिरत राहिली. मागून मच्छिंद्र आला, मुकाट्यानं शेजारी टेकला आणि दुसऱ्या वल्ह्याचा दांडा धरला. तेव्हापासून दर बाजाराला हे ठरलेलं.

आणि काय हात जुळायचे! खडक यायचे, भोवरे यायचे, दोघं न बोलता नाव काढायचे. पोरंसुद्धा आपले खेळ सोडून मागे उभी राहायची. फक्त शेवटी घोडं अडायचं. काठावरच्या घरांतले दिवे दिसायला लागले की नाव जागच्या जागी थांबायची.

देवानंद हळहळायचा. नाव एकदा काठाला लागली तर दोघं आनंदाच्या भरात बोलून जातील, असं त्याला मनापासून वाटायचं. नक्कीच मशिनीत खोट आहे. एका बाजारी त्यानं दोघांना दारातच अडवलं.

"काका, मशीन बिघडलीय. औरंगाबादचा मिस्त्री येऊन राह्यलाय. तवर बंद."

दोघांचेही चेहरे पडले.

"ऱ्हाऊ दे की तशीच," बद्रीनाथ म्हणाला. "आमचं काय अडून राह्यलंय?"

"तशीच बरी हाय," मच्छिंद्र म्हणाला.

चार वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. देवानंदनं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण भलं करायची हौस वाईट. त्यानं मशिनीवर पोतं टाकलं.

मिस्त्री पंधरा दिवसांत येणार होता, त्याला दोन महिने लागले. सुरुवातीचे काही बाजार दोघं वेगवेगळे येऊन डोकावून गेले. पोतं बघितलं की परत फिरायचे. मग बद्रीनाथ दिसेनासा झाला.

मिस्त्री आला त्याच दिवशी मच्छिंद्र दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती. डोकं तासलेलं होतं.

"दादा गेला," मच्छिंद्र म्हणाला. "कापूस येचता येचता छातीत कळ आल्ती. मला निरोप आला तवर सगळं संपलं व्हतं. खांदा तेवढा दिला." मग तो म्हणाला, "बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

देवानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ते पोतं टाकलं नसतं तर या दोघांना आणखी काही बाजार मिळाले असते. तो मच्छिंद्रकडे बघू शकला नाही.

मिस्त्रीनं मशीन उघडून बघितली, तारा हलवल्या, झाकण बसवलं. "बिघाड बिलकुल न्हाई. बसा कुणीतरी, दाखवतो." तो डाव्या स्टुलावर बसला. मच्छिंद्र थोडा वेळ त्या स्टुलाकडे बघत राहिला. मग उजवीकडे बसला.

मिस्त्रीचा हात सराईत होता. खडक गेले, भोवरे गेले. काठावरचे दिवे दिसू लागले. हातभर पाणी उरलं आणि मच्छिंद्रनं दांड्यावरचा हात काढून घेतला.

नाव गरकन फिरली. गोल गोल फिरत खडकावर आपटली.

"अहो, हात का काढला? लागली होती ना काठाला!" मिस्त्री ओरडला.

"सवय," मच्छिंद्र खाली बघत म्हणाला. "दर बाजाराला मी हितंच हात काढायचो. एकदा नाव काठाला लागली की खेळ संपला. मंग दादा परत कशाला आला असता?"

देवानंद मशिनीजवळ आला. "पण काका, तुमची नाव अशी कधीच फिरली न्हाई. ती तर जागच्या जागी थांबायची."

मिस्त्री हसला. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"एकानं सोडलं की फिरणारच ती," तो म्हणाला. "जागेवर थांबायची तर दोघांनी एकाच टायमाला हात काढावा लागतो."