पुरा दाबलेला क्लच

“दाब!” गाडीखालून कासम ओरडला.

आमिनाबीने क्लच दाबला. गिअरबॉक्सजवळची पोलादी दांडी सरकन पुढे आली, चांगली दीड बोट.

“धर.”

तिने पाय तसाच धरून ठेवला. कासमने मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले. दांडी तसूभर मागे सरकली नाही. म्हणजे ऑइल कुठे गळत नव्हतं, नळीत हवा अडकली नव्हती, वरचा सिलेंडर धड होता आणि खालचाही.

“सोड.”

तो बाहेर सरकला आणि पाठीची माती न झटकताच म्हणाला, “गाडीत काई खोट न्हाई, विठ्ठलराव.”

लिंबागणेशचे विठ्ठलराव खुर्चीतून ताडकन उठले. “खोट न्हाई? मग सकाळी भर बाजारात पहिला गिअर टाकताना गाडी गाढवावानी कामून रेकली? शंभर माणसं बघत हुती! तिसरी खेप हाय माझी, कासमभाई. आज जमलं तर ठीक. न्हाईतर गाडी जाईल भंगारात, आन बीडात ज्याला त्याला सांगतो, कासमचा हात गेला म्हणून.”

ते सांगितलंही असतं त्यांनी. दोनदा सरपंच झालेला माणूस, आवाजाला माइक लागत नव्हता. आणि कासमचं पस्तीस वर्षांचं गॅरेज एकाच गोष्टीवर चाललं होतं. लोक म्हणायचे, कासम आधी खोट धरतो, मग पाना धरतो. तेच नाव आता जायची वेळ आली होती, आणि त्यात थोडी चूक त्याची स्वतःचीही होती. पहिल्या खेपेला खालचा सिलेंडर खरंच गळत होता, तो त्याने बदलला. दुसऱ्या खेपेला काही सापडलं नव्हतं. तरी गिऱ्हाईक हात हलवत परत जायला नको, म्हणून त्याने वरचा चांगला सिलेंडर काढून नवा बसवला होता. ते त्याला अजून डाचत होतं.

“भाभीला कामून बसवता दर टायमाला?” विठ्ठलराव म्हणाले. “तुमी सोता बसून बघा की एकदा.”

आमिनाबीने नवऱ्याकडे पाहिलं. शुगरने कासमच्या पायांची जाण गेली होती. दोन वर्षं झाली, पायडल तीच दाबायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, कासम खाली झोपतो म्हणून बाई वर बसते. दोघांनीही ते तसंच वाटू दिलं होतं.

“मी कशाला?” कासम म्हणाला. “तुमीच बसा. गाडी तुमची, खोड तुमालाच दाखवती. मी खालून बघतो.”

विठ्ठलराव मोठ्या तोऱ्यात गाडीत बसले. बावीस वर्षं त्यांनी या गाडीला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. गेल्या दिवाळीत पुतण्याने ड्रायव्हर ठेवायची गोष्ट काढली, तर त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं.

“दाबा, मालक!”

दांडी निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली.

“पुरा दाबा.”

“पुराच दाबलाय!”

“आजून दाबा.”

“आहो, बुडाला टेकवलाय! आता काय पत्रा फोडून भाईर काढू पाय?”

कासम त्या दांडीकडे बघत राहिला. आत्ता दीड बोट पुढे आलेली दांडी धन्याच्या पायाखाली पाऊण बोटावर अडकली होती. सवयीने त्याचं डोकं आधी सिलेंडरकडे धावलं, मग नळीकडे. दोन्हीकडून ते रिकामं परत आलं.

“आमिना,” तो खालूनच म्हणाला, “दार उघडून बघ जरा. पायडल कुठवर गेलंय?”

तिने दार उघडलं आणि वाकून पाहिलं. पायडलावर चप्पल होती, पण तिची नुसती कड; बाकीचा पाय शेजारच्या पत्र्याला टेकला होता. पायडल अर्ध्यातच होतं. विठ्ठलराव मात्र समोर बघत, दात आवळून, सगळा जोर लावून बसले होते.

“अर्ध्यावर हाय,” ती हळूच म्हणाली.

कासम बाहेर आला. त्याचं नाव वाचलं होतं. शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या चार जणांना हाक मारून त्याने खोट कुठे आहे ते दाखवलं असतं, तर विठ्ठलरावांना तोंड उघडायला जागा राहिली नसती. पण त्याने टपरीकडे पाठ केली. त्याने हात पुसले. एकदा पुसून समाधान होईना म्हणून साबणाने धुतले.

“मालक, डावा पाय भाईर घ्या. चप्पल काढा.”

“पायाचं काय मधीच?”

“काढा तर.”

विठ्ठलरावांनी कुरकुरत चप्पल काढली. कासम त्यांच्या समोर जमिनीवर बसला आणि तो पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला.

“आता डोळे मिटा. मी एकेका बोटाला हात लावतो. कोणत्या बोटाला लावला, तेवढं सांगायचं.”

“गाडी दुरुस्त करताय का माझं भविष्य बघताय?” विठ्ठलराव हसले, पण डोळे त्यांनी मिटले.

कासमने अंगठा धरला. मग शेजारचं बोट. मग मधलं. करंगळी त्याने इतकी दाबली की त्याचंच नख पांढरं पडलं. आमिनाबीने तोंड फिरवलं आणि ती रस्त्याकडे बघत उभी राहिली.

“लावा की मग हात,” विठ्ठलराव डोळे मिटूनच म्हणाले. “कवाचा बसलोय.”