सातव्या भागाची सुरुवात

"हा सहा इंची, हा सात इंची. फोनसारखा उजेड डोळ्यांत जात नाही, अगदी कागदावर छापल्यासारखं दिसतं." सेल्समनने दोन्ही ई-रीडर काउंटरवर मांडले. "कुठला दाखवू चालू करून?"

"मोठा," ती पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन. मग उगाच हसली. "म्हणजे, घ्यायचाच तर नीट घ्यावा माणसाने."

मामा शेजारी उभे होते, आणि घोडं तिथेच अडत होतं. तिला एकटीने यायचं होतं. गुपचूप अक्षरं मोठी करून बघायची, यंत्र पिशवीत टाकायचं, की झालं. पण कारखान्याच्या गेटवर तिच्या तोंडून दुकानाचं नाव निघालं आणि मामा म्हणाले, "थांब, मीपण येतो. मलाही बघायचाय."

मामा तिचेच काय, अख्ख्या कारखान्याचे मामा. ती वर क्रेनच्या केबिनमध्ये बसते, मामा खाली हुकापाशी उभे राहून हातांनी इशारे करतात. तर्जनी गोल फिरली की वर घ्यायचं, मूठ मिटली की जागच्या जागी थांबायचं. त्या गोंगाटात दुसरं काही चालतच नाही. नऊ वर्षं ही जोडी लोखंडी तुळया उचलतेय.

आणि गुरुवारी डोळ्यांची तपासणी होती. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा वाढवून झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, आतला पडदाच विरत चाललाय, आता काचेने भागायचं नाही. नापास झाली तर केबिन गेली, आणि घरात कमावणारी ती एकटी.

"वाचणार काय? कादंबऱ्या?" सेल्समनने विचारलं.

"कादंबऱ्या, आणि ती नेटवरची..."

ती अडखळली तसे मामा पुढे सरसावले. "एक मालिका होती हो टीव्हीवर, दोन बहिणींची. लेकाच्यांनी मध्येच बंद केली! आता कुणी एक बाई ती नेटवर पुढे लिहिते. कोण, कुठली, काही ठाऊक नाही, पण लिहिते झकास. आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत त्यावरूनच भांडतो."

"फॅनफिक्शन!" सेल्समन एकदम खूश झाला. "मस्त चालतं की यावर. फाइल उतरवून टाकायची. कुठला भाग लावू?"

"सातवा," ती म्हणाली. सातवा तिला तोंडपाठ होता. फोन नाकाला लावून पाच वेळा वाचला होता तिने.

सेल्समनने दोनचार ठिकाणी बोट टेकवलं. पडदा एकदा काळा झाला, एकदा पांढरा झाला, आणि यंत्र तिच्या हातात आलं. पानभर नुसत्या मुंग्या.

"वाचा की."

तिने घसा खाकरला. "'दार उघडंच होतं. धाकटी आत आली तेव्हा थोरली पाठमोरी बसून केस विंचरत होती. ती वळली नाही.' वा, किती स्वच्छ दिसतंय हो!"

मामा तिच्या खांद्यावरून बघत होते. "पुढे?"

"'धाकटी म्हणाली, मी आलेय. थोरलीचा कंगवा तेवढा थांबला.'" आता तिला जोर चढला होता. बोटही फिरवलं तिने ओळीवरून. निभावलं गं बाई, तिला वाटलं.

मामांचं 'पुढे?' काही आलं नाही, म्हणून तिने मान वळवली.

"अगं," मामा हळू आवाजात म्हणाले, "तिने सातवा भाग काल रात्री बदलला. सगळा नव्याने लिहिलाय. दुपारी सांगणार होतो, तर तू जेवायला खाली उतरलीच नाहीस. आता तो पत्राने सुरू होतो. यात दार नाही, कंगवा नाही, काही नाही."

"अय्या, हो का? मग मी आपलं जुनंच..." ती हसायला गेली, पण हसू काही जमलं नाही.

"अक्षरं वाढवा हो जरा," मामा सेल्समनला म्हणाले.

त्याने वाढवली.

"वाच."

तिने डोळे बारीक केले. मुंग्यांचे मुंगळे झाले, बस्स.

"अजून वाढवा."

पुन्हा तेच. मामांचा आवाज चढला नव्हता आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली. ते ओरडले असते तर तिनेही चार शब्द सुनावले असते.

"इतकी मोठी केली तर पानं उलटून उलटून बोट दुखेल तुमचं!" सेल्समन म्हणाला. कुणीच हसलं नाही, तसा तो बिचारा निमूट वाढवत राहिला. शेवटी पानावर तीनच शब्द उरले.

"'ताई, रागावू नकोस,'" तिने वाचलं.

मामांनी यंत्र तिच्या हातातून काढून घेतलं आणि काउंटरवर ठेवलं. "कधीपासून चाललंय हे?"

"सांगणारच होते, मामा. गुरुवारी तपासणी झाली की..."

"तपासणी गुरुवारी. आज सकाळी साडेतीन टनांची तुळई माझ्या डोक्यापासून हातभर लांब लटकत होती. वरून काय दिसत होतं तुला?"

"तुम्ही दिसत होतात ना! पिवळं जाकीट दिसतं की. चांगलं दिसतं."

"आणि हात?"

तिने काउंटरवरचं यंत्र उगाच सरळ केलं. सेल्समन एकदा मामांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"मूठ होती की बोट होतं? दिसलं का तुला?"

"नऊ वर्षं झाली, मामा," ती म्हणाली. "तुमचे हात मला पाठ आहेत."