तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

माझा भाऊ दानीएल कोल्हारच्या शाळेत गणित शिकवायचा. संध्याकाळी तो एका वहीत दूरच्या ग्रहावरच्या लोकांची भाषा रचायचा. त्यांचे सण, त्यांचे अंत्यविधी, सगळं त्याच्या कल्पनेतलं. मी रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे चुका काढायचं काम माझं. ती वही तिसऱ्या कोणी पाहिली नव्हती.

१९९४च्या मार्चमध्ये तो गेला. मला रडू आलं नाही. वही मी शवपेटीत ठेवली.

चौथ्या दिवशी भिमाबाई दूध घालायला आल्या. त्यांनी उंबऱ्यावर तळवा टेकला आणि त्या भाषेत विचारलं, "तो एकटा गेला का?"

"हे कुठे शिकलात, मावशी?"

"शिकायचं काय त्यात? मानूस गेलं की इचारत्यात. तुमच्यात न्हाई व्हय?"

तासाभराने शेजारच्या मेरीकाकू आल्या. त्यांनीही तळवा टेकून तेच विचारलं.

वहीतली रीत मला पाठ होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर घरच्या माणसाने उत्तर द्यायचंच. 'नाही' म्हटलं, तर दिवस मावळायच्या आत आपणही त्याच्यामागे जायचं. 'हो' म्हटलं, तर गेलेला माणूस उत्तर देणाऱ्याशिवाय गावात कोणालाच आठवत नाही.

दुपारी पोस्टमन आला. दहा वर्षं दानीएलची पत्रं त्यानेच आणली होती. सायकल लावून तो उंबऱ्याशी वाकला आणि त्यानेही तेच विचारलं.

"बोला बाई, पुढं अजून तीन घरं हायेत."

मला जगायचं होतं. मी त्या भाषेत 'हो' म्हणाले.

त्याने मान डोलावली, पिशवीतून पाकीट काढलं आणि वरचं नाव वाचलं.

"हा दानीएल कोन, बाई? नवीन राह्यला आलाय का?"