एका चिलमीवर

करजगीच्या पारावर शरणप्पा पाटलाची चिलीम सगळ्या बैठकीच्या तोंडातून फिरायची. बौद्ध झालेल्या नागनाथच्या ओंजळीत मात्र लांबूनच चिमूटभर तंबाखू पडायची.

त्या दिवशी पारावर पाटील एकटाच होता. त्यानं नागनाथला शेजारी बसवलं आणि आपल्या तोंडची चिलीम त्याच्या हातात दिली.

नागनाथ घरी आला तो छाती फुगवूनच. "सरू, अप्पानं आज शिवाशिव मोडली बघ. एका चिलमीवर दोघं. उद्या बी ये म्हनलाय."

पाटलाचा गोठा झाडून आलेली त्याची बायको भाकरी थापता थापता थांबली.



"अवो, अप्पाचं ताट-तांब्या सुनंनं आज गोठ्यात आणून ठेवलंय. क्षय हाय, उष्टी चिलीम कुणाला देऊ नका म्हून गुलबर्ग्याच्या डागदरनं बजावलंय त्येला."