मैदानावरून फोन

जर्मनीत राहणाऱ्या देवेशला देवगाव रंगारीच्या कबड्डी संघाचा सामना चालू असताना आई दर रविवारी मैदानावरून फोनवर सगळं सांगायची. ती वारल्यावर फोन वैजनाथरावांच्या हाती आला. एक चढाई जरी सांगायची राहिली तरी पोरगा फोन करणंच सोडील, अशी त्यांना धास्ती. पलीकडं देवेश भांडी घासत होता.

"आपले दोन गुण. ऐकतोस ना?"

"ऐकतोय. पण बाबा, गुण ग्रुपवर येतातच की. आई तर कोण जिंकलं तेही सांगायची नाय. कोण आलंय, कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, कोण कुणाशी बोलत नाय, तेच सांगायची."

वैजनाथरावांनी खुर्ची फिरवली आणि खेळाकडं पाठ केली.

"थांब. राजाबाई आलीय. लई वाळली बघ बिचारी."