चाळिसावी गोळी

रक्तदाबाची दोन नवी औषधे एकाच गोळीत बसवणाऱ्या नीलांबरी खांबेटे यांना ती दोन्ही मिळून चाळिसाव्या गोळीनंतर हृदय बंद पाडतात, हे आज दुपारी कळले. चाचणीतील सर्वांना त्यांनी तत्काळ ईमेल धाडले. इंटरनेट कंपनीच्या चाळणीने ते ‘औषधांची जाहिरात’ ठरवून गिळले आणि त्यांचे नावच नकोशांच्या यादीत घातले. मग फोनही लागेनात.

बापूसाहेब रेग्यांची चाळिसावी गोळी आजचीच. नीलांबरी धापा टाकत त्यांच्या दाराशी पोहोचल्या. परंतु घराची बेल आणि काचाही त्याच कंपनीच्या होत्या. यादीतला माणूस आतल्यांना दिसत नसे, ऐकूही येत नसे.

“अहो, दारावरचा लाल दिवा लागलाय,” आतून रेगेवहिनी म्हणाल्या.

“कुणीतरी जाहिरातवालं असेल. कंपनीनं परस्पर गप्प केलं, सुटलो!”

नीलांबरी काचेवर मुठी आपटत राहिल्या. दोन गोळ्या असत्या, तर विसराळू बापूसाहेबांची एखादी तरी राहिली असती. म्हणूनच तर त्यांनी दोहोंची एक केली होती.

बापूसाहेबांनी पेला उचलला.

“बघ, एकही चुकवली नाही मी,” ते अभिमानाने म्हणाले.