मालकिणीचा हात

सलूनच्या दाराबाहेर शिडीवर चढून नॉर्मन पेंटर पाटी रंगवत होता. ‘हिल्डा’ खरवडून झालं होतं, ‘मॉरीन’ची शेवटची अक्षरं राहिली होती.

आत मॉरीन मिसेस ऑल्ड्रॉइडच्या केसांतले रोलर सोडवत होती. ही म्हातारी दर शुक्रवारची गिऱ्हाईक. मॉरीन हिल्डाकडे नोकरीला होती तेव्हापासून हे डोकं तिच्याच हाताखालचं. आणि निघताना ठरलेलं: म्हातारीने कोट चढवायचा, मॉरीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, तळव्यात एका बनपावापुरतं नाणं दाबायचं आणि कुजबुजायचं, “बन खा हो पोरी. हिल्डाला नको सांगू.” हिल्डा आरशातून सगळं बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

नाण्याचं काय मोठंसं! पण त्या हातासाठी मॉरीन शुक्रवारची वाट बघायची. आई गेल्यापासून तिला पोरी म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

म्हातारीने आरशात मान डावी-उजवी वळवली, “झकास” म्हणाली आणि गल्ल्यावर बिल चुकतं केलं. मॉरीनने तिला कोट घातला. मॉरीनचा हात सवयीने थोडा पुढे आलाच.

म्हातारी तिला वळसा घालून जिलपाशी गेली. जिल मॉरीनच्याच वयाची, या आठवड्यात कामाला लागलेली. तिने फक्त डोकं धुतलं होतं, तेही मानेत पाणी सांडून. म्हातारीने तिच्या हातातला झाडू बाजूला ठेवला आणि तिचा हात धरला. दोन्ही हातांनी.

“बन खा हो पोरी. मालकिणीला नको सांगू.”

मॉरीनच्या अंगाची लाही लाही झाली. हिला साधा टॉवेल गुंडाळता येत नाही, आणि हिला बन!

“मिसेस ऑल्ड्रॉइड, केस मी सेट केलेत,” ती बोलून गेली. हसत म्हणायचं होतं, पण आवाज चिरकला.

म्हातारी चपापली. “अगं, ते का मला दिसत नाही? पण आता दुकान तुझं. मालकिणीच्या हातावर नाणं ठेवायचं म्हणजे अपमानच की! हिल्डाला दिलं होतं का मी कधी?”

“मला चालेल.”

“तुला चालेल गं, मला नाही चालायचं. आईने एवढं तरी शिकवलंय.” तिने हातमोजा चढवला, आणि बँकेच्या मॅनेजरपुढे करावा तसा हात पुढे केला. “अभिनंदन हं, मिसेस क्रॅबट्री.”

मॉरीनने हात मिळवला. मोजा लोकरीचा होता. दाराची घंटी वाजली आणि म्हातारी गेली.

जिल ओशाळून जवळ आली. “हे तूच ठेव गं, मॉरीन. खरंच.”

“नको. आरसे पुसून घे.”

जिलने नाणं एप्रनच्या खिशात टाकलं. मॉरीनला तेही सहन झालं नाही. ती बाहेर आली. म्हातारी कोपऱ्याकडे चालली होती. वाऱ्यात तिचा एकही केस हलत नव्हता.

“कसं दिसतंय?” नॉर्मनने शिडीवरून विचारलं.

“पुसता येईल का रे?”

“ओलं आहे तोवर येईल,” नॉर्मन म्हणाला, आणि शेवटच्या अक्षराकडे नेलेला ब्रश त्याने तसाच धरून ठेवला.